दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे चित्रमुद्रण आणि सुवाह्य साधने : रहिमतपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीही वाचता येते, पुस्तक वीस वर्षांनीही उघडता येते; दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मात्र ठरल्या वेळी लागतो आणि संपतो. त्या वेळी जो घरी नसेल, ज्याच्या घरी वीज नसेल किंवा ज्याला नेमके त्याच सुमारास शेतावर पाणी धरण्यासाठी जावे लागत असेल, त्याच्या दृष्टीने तो कार्यक्रम झालाच नाही. या मर्यादेवर उपाय म्हणून कार्यक्रम मुद्रित करून ठेवणे व सवडीने पाहणे ही पद्धत जगभर रूढ झाली. पुढे मुद्रित केलेला कार्यक्रम केवळ घरी न पाहता सोबत नेऊन प्रवासात, कामाच्या ठिकाणी वा वसतिगृहात पाहता यावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. भ्रमणध्वनी, मेमरी कार्ड, पेनड्राईव्ह यांसारख्या सुवाह्य साधनांनी ती अपेक्षा काही काळ पूर्ण केली.

सामान्यतः असे मानले जाते की, साधने जसजशी लहान व स्वस्त होत गेली तसतशी मुद्रित कार्यक्रमांची सुवाह्यता वाढत गेली. साधनांपुरते हे खरे आहे. मुद्रणाच्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती निराळी दिसते. मुद्रित प्रत ज्या यंत्रावर तयार झाली त्या यंत्रापासून ती अलग करता येणे, हा सुवाह्यतेचा खरा निकष होय. या निकषावर पाहता १९८५ सालची जड, पुस्तकाएवढी व्हीएचएस कॅसेट ही आजच्या सेटटॉप बॉक्समधील मुद्रणापेक्षा अधिक सुवाह्य होती. ती पिशवीत घालून शेजारच्या गावी देता येत होती. आजच्या पेटीतील मुद्रण बहुधा त्या पेटीबाहेर येत नाही. हे असे का झाले आणि त्याचा परिणाम काय होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे नगरपरिषद असलेले लहान शहर आहे. ॲनालॉग प्रक्षेपण, केबल, अंकीय केबल आणि छत्री हे दूरचित्रवाणीचे चारही टप्पे अशा गावांनी अनुभवले. म्हणून विवेचनासाठी हे स्थळ समोर ठेवले आहे.

मनोरा, अंतर आणि पडद्यावरच्या मुंग्या

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी, १९७३ मध्ये, सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की त्यामागे छाया पडते. पुण्याच्या दक्षिणेस खंबाटकी आणि त्यापलीकडे महादेव डोंगररांगेचे फाटे असल्याने सातारा जिल्ह्याच्या मोठ्या भागाला सिंहगडाचा उपयोग नव्हता. १९८४ मध्ये दूरदर्शनने लघुशक्ती प्रक्षेपकांचा देशव्यापी विस्तार हाती घेतला. त्या वर्षात काही महिने दिवसाला सरासरी एक प्रक्षेपक उभा राहत होता. लहान शहरांत दूरचित्रवाणी पोहोचली ती मुख्यतः या विस्तारामुळे.

लघुशक्ती प्रक्षेपकाचे परिणामकारक क्षेत्र साधारणपणे पंधरा ते पंचवीस किलोमीटर असते. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरील दूरचित्रवाणीचा मनोरा जिल्ह्यातील सर्वांच्या परिचयाचा आहे. रहिमतपूर तेथून आग्नेयेस, सरळ रेषेत चोवीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. अशा अंतरावर छपराला लागून बसवलेली अँटेना पुरत नाही. उंच लोखंडी नळी, तिच्यावर जास्त दांड्यांची अँटेना, बहुधा सोबत बूस्टर आणि पावसाळी वाऱ्याने ती फिरली की छपरावर चढून पुन्हा दिशा धरणे, हे सारे करावे लागते. तरीही पडद्यावर 'मुंग्या' दिसत राहतात.

या मुंग्यांचा उल्लेख येथे केवळ आठवण म्हणून केलेला नाही. चित्रमुद्रणाच्या दृष्टीने त्यांना तांत्रिक महत्त्व आहे. संकेत क्षीण असेल तर मुद्रणात चित्राबरोबर गोंगाटही मुद्रित होतो. पुढे ती फीत संगणकावर घेऊन भ्रमणध्वनीसाठी लहान करताना हा गोंगाट कसा आड येतो, हे योग्य ठिकाणी स्पष्ट होईल. केंद्रापासून दूर असलेल्या गावातील मुद्रण आरंभापासूनच शहरातील मुद्रणापेक्षा दुबळे असते, एवढे येथे लक्षात ठेवावे.

कॅसेटचे युग

घरगुती चित्रमुद्रणाची सुरुवात जपानी यंत्रांनी झाली. सोनी कंपनीची बीटामॅक्स पद्धती १९७५ साली व जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस पद्धती १९७६ साली बाजारात आली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतर व्हीसीआर मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. लहान गावात व्हीसीआर विकत घेणारी घरे थोडी होती. बहुसंख्यांचा त्याच्याशी परिचय झाला तो भाड्याने. एका रात्रीसाठी रंगीत संच, व्हीसीआर आणि तीन चित्रपटांच्या कॅसेटी आणून चौकात वा अंगणात बसणे, हा त्या काळातील ग्रामीण महाराष्ट्राचा सार्वत्रिक अनुभव आहे. ज्या मोजक्या घरी स्वतःचे यंत्र होते तेथे मात्र मुद्रणही होऊ लागले. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात प्रक्षेपित झालेले 'रामायण' आणि ऑक्टोबर १९८८ पासून सुरू झालेले 'महाभारत' या मालिकांनी त्याला मोठी चालना दिली.

व्हीएचएस फीत अर्धा इंच रुंद असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर असतो आणि फिरत्या दंडगोलावरील शीर्षे त्या थरावर तिरक्या रेघांत चित्र उमटवतात. नेहमीच्या १८० मिनिटांच्या कॅसेटवर तीन तास, तर मंद गतीने सहा तास मुद्रण होते. भारतातील पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा व सेकंदाला २५ पूर्ण चित्रे असतात. व्हीएचएसमध्ये मात्र आडव्या दिशेचा तपशील बराच कमी होतो. तो सुमारे २४० रेषांचा, म्हणजे पडद्याच्या पूर्ण रुंदीत अंदाजे ३२० बिंदूंइतका भरतो. पुढे पहिल्या पिढीतील सुवाह्य साधनांचा पडदा ३२० गुणिले २४० बिंदूंचा होता. रुंदीच्या दिशेने पाहता जुन्या कॅसेटमधील चित्र त्या चिमुकल्या पडद्यावर जवळजवळ पूर्णपणे मावत होते, ही गमतीची बाब म्हणावी लागेल.

या कॅसेटला कोणतेही कुलूप नव्हते. जी व्हीएचएस फीत एका व्हीसीआरवर मुद्रित झाली ती दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या व्हीसीआरवर चालत असे. रहिमतपूरमध्ये मुद्रित केलेला कार्यक्रम कोरेगावच्या पाहुण्यांकडे, तेथून पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे जाऊ शकत होता. यंत्र जागेवरच राही, प्रत फिरत असे.

संख्यांचे गणित

अंकीय मुद्रणात चित्र संख्यांच्या रूपाने साठवले जाते. पाल पद्धतीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंत घेतले, प्रत्येक बिंदूस सरासरी दोन बाइट दिले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे दोन कोटी सात लाख बाइट होतात. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला सदतीस गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. २००५ च्या सुमारास घरगुती संगणकाची संपूर्ण तबकडीही अनेकदा याहून फार मोठी नसे. म्हणून संपीडन अपरिहार्य ठरते.

संपीडनाचे तत्त्व सोपे आहे. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत सेकंदाला पंचवीस वेळा पुन्हा पुन्हा लिहिण्याची गरज नसते. ती एकदा लिहावी आणि नंतर फक्त जे बदलले तेवढे नोंदवावे. उपग्रह व केबल प्रक्षेपणात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एमपेग-२ पद्धतीने सेकंदाला चार मेगाबिट एवढ्यात समाधानकारक चित्र मिळते. अर्ध्या तासाला सुमारे ९०० मेगाबाइट लागतात. नंतरच्या एच.२६४ पद्धतीने तेच काम निम्म्याहून कमी जागेत होते.

आता मुंग्यांचे गणित पाहू. पडद्यावरील गोंगाट हा यादृच्छिक असतो. प्रत्येक चित्रात तो नव्याने पडतो. 'जे बदलले तेवढेच नोंदवावे' हा नियम लावला की यंत्राच्या दृष्टीने सारा पडदाच सतत बदलत असतो. परिणामी उपलब्ध जागा मुंग्यांच्या नोंदीतच खर्च होते आणि चेहऱ्यावरील भाव, फलकावरील अक्षरे यांच्यासाठी थोडी उरते. मनोऱ्याजवळ केलेले मुद्रण व मनोऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर केलेले मुद्रण एकाच मापाने लहान केले तर दुसरे अधिक बिघडते, ते यामुळे. असे मुद्रण संगणकावर घेताना आधी गोंगाट कमी करणारी गाळणी लावावी आणि मगच संपीडन करावे. नेहमीपेक्षा थोडी अधिक जागाही द्यावी.

दुसरी अडचण चित्ररेषांच्या गुंफणीची आहे. जुन्या प्रक्षेपणात एक पूर्ण चित्र दोन अर्ध्या भागांत येते. आधी विषम रेषा, नंतर सम रेषा, असे सेकंदाला पन्नास भाग असतात. जुन्या काचेच्या नळीच्या संचावर ही गुंफण डोळ्यांना जाणवत नसे. भ्रमणध्वनीचा पडदा मात्र पूर्ण चित्र एकाच वेळी दाखवतो. त्यामुळे धावणाऱ्या खेळाडूच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ही गुंफण सोडवण्याची सोय बहुतेक संपादन-प्रणालींत असते. अनेकांना ती सोय वापरावी लागते हेच ठाऊक नसते.

मेमरी कार्डाचे दशक

अमेरिकेत १९९९ साली टिवो हे कार्यक्रम तबकडीवर मुद्रित करणारे यंत्र बाजारात आले. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपल कंपनीने चित्र दाखवणारा आयपॉड आणला. त्याच्या अडीच इंची पडद्यावर मुद्रित मालिका पाहणे ही तेथील मध्यमवर्गाची नवलाई ठरली. मुद्रण-यंत्र, संगणक आणि खिशातील साधन अशी ती तीन पायऱ्यांची साखळी होती.

महाराष्ट्रातील लहान गावांत ही साखळी फारशी आली नाही. येथे मधली पायरी दुकानदाराने घेतली. रंगीत पडद्याचे व मेमरी कार्ड बसणारे भ्रमणध्वनी सर्वत्र झाल्यावर बसस्थानकाजवळच्या मोबाईलच्या दुकानांत कार्ड भरून देण्याचा व्यवसाय सुरू झाला. गाणी, चित्रपट, कीर्तने, विनोदी मालिकांचे भाग दुकानदाराच्या संगणकावर असत आणि ग्राहक आपले कार्ड देऊन ते भरून घेई. चित्राचे माप बहुधा १७६ गुणिले १४४ बिंदू, धारिकेचा प्रकार थ्रीजीपी. सेकंदाला १६० किलोबिट धरले तर अर्ध्या तासाचा भाग ३६ मेगाबाइटमध्ये बसतो. एक गिगाबाइटच्या कार्डावर असे सत्तावीस भाग मावतात. रहिमतपूर स्थानक पुणे–मिरज लोहमार्गावर आहे. कऱ्हाड, किर्लोस्करवाडी किंवा पुण्याकडे रोज अथवा आठवड्याने जाणाऱ्या प्रवाशाला हे सत्तावीस भाग म्हणजे बरेच दिवसांची सोय होती.

हा व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने उघडपणे सदोष होता. दुसऱ्याच्या कार्यक्रमाची प्रत पैसे घेऊन देणे हे खाजगी वापरात बसत नाही. त्याची भलामण करण्याचे कारण नाही. मात्र लोकांना काय हवे होते हे त्यातून स्पष्ट दिसले. त्यांना कार्यक्रम यंत्रापासून सोडवून हातात हवा होता. अधिकृत व्यवस्थेने ही गरज तेव्हा ओळखली असती तर पुढचे चित्र वेगळे दिसले असते.

कुलूपबंद पेटी

केबल दूरचित्रवाणीच्या अंकीकरणाचा कायदा २०११ साली झाला. महानगरांपासून सुरू झालेले हे अंकीकरण टप्प्याटप्प्याने होणार होते. नगरपालिका क्षेत्रे तिसऱ्या टप्प्यात आली व त्यांच्यासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली होती. उरलेल्या ग्रामीण भागासाठी ती पुढे मार्च २०१७ पर्यंत वाढवण्यात आली. केबलवाल्याची तार थेट संचाला न जाता सेटटॉप बॉक्समधून जाऊ लागली. चित्र स्वच्छ झाले, मुंग्या गेल्या, वाहिन्या वाढल्या. प्रक्षेपण मात्र कूटबद्ध झाले आणि त्याची किल्ली पेटीतील कार्डात अथवा चिपमध्ये राहिली.

मुद्रणाची सोय असलेल्या पेट्या छत्रीच्या सेवांनी याआधीच आणल्या होत्या. टाटा स्काय प्लस ही पेटी २००८ सालची. अशा पेट्यांत मुद्रण अत्यंत सुलभ होते. एक कळ दाबली की संपूर्ण मालिका आपोआप मुद्रित होत जाते. परंतु तबकडीवर जे साठते ते कूटबद्धच असते. तबकडी काढून संगणकाला जोडली तर त्यातून काहीही दिसत नाही. वर्गणी थांबली किंवा पेटी नादुरुस्त झाली की वर्षानुवर्षांचे मुद्रण तिच्याबरोबरच जाते. पेटीपासून संचाकडे जाणाऱ्या एचडीएमआय तारेतील संकेतही बहुधा संरक्षित असतो. त्यामुळे मध्येच मुद्रण-यंत्र जोडले तर काळा पडदा मिळतो. अनेक पेट्यांना असलेले पिवळे-पांढरे-लाल ॲनालॉग निर्गम मात्र अद्याप उघडे असतात आणि संगणकास जोडायच्या साध्या ग्राहक-उपकरणाने त्यातून मुद्रण घेता येते. अंकीय युगात सोबत नेता येणारी प्रत हवी असेल तर ॲनालॉग तारेचा आधार घ्यावा लागतो, असा हा विरोधाभास आहे.

यास एक महत्त्वाचा अपवाद आहे. प्रसार भारतीची विनामूल्य छत्री-सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली व पुढे डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यावरील दूरदर्शनच्या वाहिन्या दीर्घकाळ अकूटबद्ध राहिल्या आणि सह्याद्री वाहिनी त्यांतच येते. बाजारात मिळणाऱ्या अनेक विनामूल्य पेट्यांना पेनड्राईव्हसाठी खाच असते. ज्या पेटीत मुद्रणाची सोय आहे तिच्यात पेनड्राईव्ह लावून कळ दाबली की प्रक्षेपण जसेच्या तसे धारिकेच्या रूपाने साठते, आणि ती धारिका भ्रमणध्वनीवर सर्वसामान्य चालक-प्रणालीने चालते. चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटशी साम्य सांगणारी आजची व्यवस्था कोणती, असे विचारल्यास ही छत्रीच दाखवावी लागेल. सर्वांत स्वस्त सेवा या बाबतीत सर्वांत उदार आहे. येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. काही आधुनिक संचही पेनड्राईव्हवर मुद्रण करतात, परंतु ते त्याच संचावर चालेल अशा रीतीने कूटबद्ध करतात. मुद्रणानंतर पेनड्राईव्ह एकदा संगणकाला लावून पाहणे हाच त्याचा निर्वाळा.

आंतरजालावरील सेवांनी मुद्रणाची गरजच संपवली, असाही युक्तिवाद केला जातो. या सेवांच्या ॲपमध्ये भाग उतरवून घेता येतो हे खरे. परंतु ती प्रत ॲपबाहेर उघडत नाही व ठरावीक मुदतीनंतर बंद होते. सेवेने तो कार्यक्रम काढून टाकला तर उतरवलेला भागही जातो. या प्रतीला उसनी प्रत म्हणणे अधिक योग्य.

शेतकऱ्याच्या दृष्टीने

आतापर्यंतचे विवेचन मनोरंजनाभोवती फिरले. परंतु रहिमतपूर, कोरेगाव या पट्ट्यात ऊस व आले ही महत्त्वाची नगदी पिके आहेत. मुंबई दूरदर्शनचा 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम शेतकऱ्यांसाठीच होता. मे २०१५ पासून दूरदर्शनची स्वतंत्र किसान वाहिनीही आहे. कंदकुजीवर कोणते औषध, किती लिटर पाण्यात किती, आळवणी केव्हा करावी, ही माहिती कार्यक्रमात दहा-पंधरा सेकंदांत येऊन जाते. ती ज्या वेळी येते त्या वेळी शेतकरी बहुधा रानात असतो. आणि घरी असला तरी माहिती वापरायची असते ती दोन महिन्यांनी, बांधावर. तेथे आंतरजालाचा संकेत असेलच असे नाही. हाच भाग भ्रमणध्वनीत साठवलेला असेल तर प्रमाण पुन्हा ऐकता येते, शेजाऱ्याला दाखवता येते. औषधाचे प्रमाण चुकले तर पीक हातचे जाते. मुद्रित प्रत हातात असणे ही येथे हौस राहत नाही.

कायदा काय म्हणतो

घरी कार्यक्रम मुद्रित करणे बेकायदेशीर आहे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. अमेरिकेत हा प्रश्न १९८४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सोनी कंपनीविरुद्धच्या त्या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, सवडीने पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण हा रास्त वापर होय असा निर्णय दिला. भारतात यासाठी न्यायालयात जाण्याची गरज नाही. येथे कायद्यातच स्पष्ट तरतूद आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ३७ प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेस पंचवीस वर्षांचा विशेष हक्क देते. परंतु कलम ३९ नुसार मुद्रण करणाऱ्याच्या स्वतःच्या खाजगी वापरासाठी अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या ध्वनी वा चित्रमुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मध्येही खाजगी वा वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त व्यवहाराची सूट सर्व प्रकारच्या कृतींना, संगणक-प्रणाली वगळता, लागू झाली आहे.

पंचवीस वर्षांचा हिशोब प्रक्षेपणानंतरच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून धरतात. १९९९ साली प्रक्षेपित कार्यक्रमावरील प्रक्षेपण-हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. मात्र त्यामुळे तो कार्यक्रम सार्वजनिक झाला असे समजणे चुकीचे ठरेल. चित्रपट या सदरात मोडणाऱ्या मुद्रणावर साठ वर्षांचा स्वतंत्र प्रताधिकार असतो, शिवाय लेखक-संगीतकारांचे हक्क निराळे. घरी मुद्रण करणे, ते स्वतःच्या भ्रमणध्वनीवर नेणे आणि वर्गात दाखवणे एवढी मोकळीक आहे. तेच मुद्रण आंतरजालावर चढवणे वा विकणे ही नाही.

कुलूप तोडण्याविषयी कलम ६५ अ आहे. हेही २०१२ चेच. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. मात्र अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. अर्थात खाजगी मुद्रणाचा हक्क कागदावर शाबूत आहे. अडचण एवढीच की, कायदा मुद्रणाला परवानगी देतो, पण पेटी बनवणाऱ्याने ते शक्य करून द्यावे असे बंधन घालत नाही.

प्रेक्षकाची प्रत

या सर्व विवेचनाचे गांभीर्य लक्षात येते ते जुन्या कार्यक्रमांचा शोध घेताना. आरंभीच्या काळात प्रसारणसंस्थांना फिती महाग पडत. एक कार्यक्रम प्रक्षेपित झाला की तीच फीत पुसून पुढच्यासाठी वापरणे ही जगभरची रीत होती. ब्रिटनमधील बीबीसीची 'डॉक्टर हू' ही गाजलेली मालिका याचे सर्वपरिचित उदाहरण. १९६० च्या दशकातील तिच्या भागांपैकी नव्वदीहून अधिक भागांचे चित्रमुद्रण कित्येक दशके बेपत्ता राहिले. तरीही त्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी संचासमोर ध्वनिमुद्रक लावून तो टिपला होता.

दूरदर्शनमध्येही फितींचा पुनर्वापर होत असे. मुंबई केंद्राच्या पहिल्या दोन दशकांत 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप' यांसारख्या कार्यक्रमांतून मराठी नाटक, साहित्य व समाजजीवन पडद्यावर आले. त्यांतील जे टिकले ते दूरदर्शनच्या संग्रहात आहे व त्यातील काही अलीकडे पुन्हा दाखवलेही गेले. बरेच टिकले नाही. रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव. १९२० साली ते येथे जन्मले. 'रायगडाला जेव्हा जाग येते' किंवा 'मत्स्यगंधा' यांच्या संहिता पुस्तकरूपाने कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळतात. परंतु त्या काळचा नट ते वाक्य कसे उच्चारत होता, कोठे थांबत होता, हे संहितेत नसते. एखाद्या नाट्यप्रवेशाचे प्रक्षेपण झाले, मूळ फीत पुसली गेली आणि कोणा प्रेक्षकाच्या कपाटात त्याची कॅसेट राहिली, तर ती कॅसेट हा एकमेव पुरावा ठरतो. कुलूपबंद पेट्यांच्या काळात अशा आकस्मिक प्रती निर्माणच होत नाहीत, ही बाब भावी अभ्यासकाला फार महागात पडणार आहे.

आहेत त्या कॅसेटीही टिकाऊ नाहीत. दमट हवेत फितीवर बुरशी धरते, कणांना धरून ठेवणारा लेप सैल होतो. चालवणारी यंत्रेही संपत आली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत जी चुंबकीय फीत अंकीय रूपात आली नाही ती बहुतांशी हातची जाईल. ते वर्ष आता मागे पडले आहे.

कॅसेट अंकीय रूपात आणण्यास लागणारी सामग्री मोठी नाही. चालू स्थितीतील व्हीसीआर, तीन पिनांची तार, संगणकाला जोडायचे ग्राहक-उपकरण एवढे पुरते. वेळ मात्र पूर्ण द्यावा लागतो. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. बुरशी दिसत असलेली फीत यंत्रात घालू नये, ती फीत तर बिघडतेच, शिवाय यंत्राची शीर्षे खराब होऊन पुढची चांगली फीतही धोक्यात येते. प्रथम पूर्ण मापाची प्रत घ्यावी. एमपेग-२ मध्ये चार मेगाबिटने तीन तासांना ५.४ गिगाबाइट लागतात, आजच्या तबकडीच्या मानाने हे नगण्य आहे. भ्रमणध्वनीसाठीची लहान प्रत त्यावरून नंतर काढावी. उलट क्रम केला, म्हणजे लहान प्रत काढून मूळ कॅसेट टाकून दिली, तर गेलेला तपशील परत येत नाही. मेमरी कार्ड व पेनड्राईव्ह ही ने-आणीची साधने होत. वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास त्यांतील विद्युतभार झिरपतो, म्हणून जतनाची प्रत किमान दोन वेगवेगळ्या तबकड्यांवर असावी. प्रत्येक धारिकेच्या नावात कार्यक्रमाचे नाव, प्रक्षेपणाचा अंदाजे दिनांक व वाहिनी लिहावी. जाहिराती कापू नयेत. दिनांक नक्की करण्यास अनेकदा त्याच उपयोगी पडतात.

हे काम एकट्यादुकट्या कुटुंबाने करावे अशी अपेक्षा बाळगणे व्यवहार्य नाही. यासाठी कलम ५२ मधील २०१२ सालीच आलेली आणखी एक तरतूद फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. ना-नफा तत्त्वावरील सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अनंकीय प्रत आधीपासून असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची त्यास मुभा आहे. कॅसेट ही अनंकीय प्रत होय. गावातील कपाटांत उरलेल्या कॅसेटी ग्रंथालयाने रीतसर दाखल नोंदवहीत घेतल्या, म्हणजे त्यांना दाखल क्रमांक दिला, की या तरतुदीचा आधार घेता येतो. व्हीसीआर दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर तोवर परिसरात शोधून ठेवावा लागेल.